पुढचं पाखं

जोतं

"यंदा आढ्यावर मेघना बसेल," सुबोधकाका म्हणाले आणि बशीतला चहा फुंकू लागले.

गल्लीत उभे असलेले सगळे पित्रे त्यांच्याकडे वळले. नुकतं उजाडलं होतं. कॉलनीतल्या घरांना शिड्या लागल्या होत्या. काल उतरवलेली कौलं झाडून, पुसून, ज्याच्या त्याच्या दारासमोर रचली होती. नौतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, लागायच्या आधीचा रविवार म्हणजे शाकारणीचा. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळी छपरं पुन्हा झाकली गेली पाहिजेत, हा कॉलनीचा नियम. आणि कॉलनीचे नियम म्हणजे सुबोधकाका.

मेघनाच्या हातातली पोह्यांची परात कलंडली. "मी?"

"तू. माझे गुडघे गेले. तुझा आदित्य बसला तर आढं मोडेल. गेल्या वर्षी मजूर बसवला, त्यानं टोपलीभर कौलं फोडली आणि वर बसून बिडी ओढली."

आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. पित्र्यांचं सागाचं होतं, अखंड, दोन घरांना मिळून एकच. डावीकडे थोरल्या सुबोधचं घर, उजवीकडे धाकट्या मंदारचं, मध्ये भिंत, वर एक छप्पर. त्या आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, एक पाय गल्लीकडच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर, दुसरा परसाकडच्या, आणि खालून येणारं एकेक कौल बसवत सरकत जायचं. आधी त्यांचे वडील दत्तात्रेय, म्हणजे अण्णा, बसायचे. मग सुबोध बसू लागला. घरातलं तिसरं कुणी कधी बसलं नव्हतं.

"मी चौदा वर्षांची असताना विचारलं होतं, बाबा," नीरजा म्हणाली. सुबोधकाकांची ही एकुलती मुलगी शाकारणीसाठी पुण्याहून आली होती. "तेव्हा म्हणालात, मुली आढ्यावर बसत नाहीत."

"मुली नाहीच बसत. सुना बसतात."

सगळे हसले, नीरजा सोडून. मंदारही हसला नाही. तो आदित्यचा बाप, मेघनाचा सासरा. सकाळपासून गल्लीच्या तोंडाकडे पाहत होता, खिशातला फोन काढत होता, परत ठेवत होता.

"दादा, तिला सवय नाही," तो म्हणाला. "आणि एवढी घाई काय आहे? आपली बाजू आज राहू दे. उद्या बघू."

"उद्या?" काकांनी बशी खाली ठेवली. "शाकारणी उद्या कधी झालीय?"

मेघनानं परात सासूच्या, प्रेमलाच्या, हातात दिली आणि ओढणी कमरेला खोचली.

ओसरी

आता ही छपरं झाशीत आली कशी, ते. नवी माणसं ओसरीवर बसली की पित्र्यांकडे ही गोष्ट सांगावीच लागते, कारण पहिला प्रश्न तोच असतो.

दत्तात्रेय पित्रे रत्नागिरीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले. बरोबर त्यांच्यासारखेच दहाबारा इंजिनिअर. शहराबाहेर जमीन घेतली, नकाशा काढला, आणि नकाशात प्रत्येक घराला उतरतं छप्पर दिलं. कौलं रेल्वेच्या वॅगनमधून मागवली. उताराचा कोन असा बेतला की कोकणातला आषाढ सरसर वाहून जावा. सगळे हुशार, सगळ्यांची आकडेमोड बिनचूक. फक्त जो पाऊस ते मागे सोडून आले होते, त्याचीच ती आकडेमोड होती.

मग झाशीचा पहिला उन्हाळा आला. अख्खं शहर गच्चीवर झोपायला गेलं आणि यांच्या लक्षात आलं की आपल्याला गच्चीच नाही.

लोक म्हणू लागले, तिरछी कॉलनी. अजून तेच म्हणतात, ऑटोवाल्याला पत्ता तोच सांगावा लागतो.

त्या पहिल्या उन्हाळ्यात इंजिनिअरांनी खाटा उचलल्या आणि गल्लीत आणून टाकल्या. गच्ची नाही म्हणून पापड गल्लीत वाळू लागले. पतंग गल्लीत उडू लागले. बारशी, मुंजी, भांडणं, पत्त्यांचे डाव, सगळं गल्लीत. मग नियम झाला की गल्लीत मोटार उभी करायची नाही. कुंपणाची भिंत कमरेच्या वर न्यायची नाही, नाहीतर खाटेवरून शेजारच्या खाटेशी बोलणार कसं? फाटक तर नाहीच. एक चूक निस्तरता निस्तरता ही गल्ली घडली होती, आणि झाशीत अशी दुसरी नव्हती. शाकारणी मात्र करावीच लागायची, पाऊस असो नसो. कोकणात ती पावसासाठी करतात. इथे माकडांसाठी. झाशीची माकडं उतारावरून घसरगुंडी करत आणि घसरताना कौलं फोडत.

मेघना झाशीजवळच्या चिरगाँवची, हिंदी बोलणाऱ्या घरातली. तिच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा तिच्या वडिलांनी, श्यामसुंदरजींनी, परतीच्या वाटेवर बसमध्ये एवढंच म्हटलं होतं, "लड़का अच्छा है, लोग अच्छे हैं, पर बिटिया, घर में छत नहीं है।" छत म्हणजे गच्ची.

पहिल्या उन्हाळ्यात ती रडली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात सासूच्या खाटेशेजारी तिची खाट पडली, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललेल्या गप्पा ऐकत ती कधी झोपली ते तिलाच कळलं नाही. आता तिला दोन्ही हवं होतं. ही गल्ली हवी होती आणि डोक्यावर स्वतःचं थोडं आभाळही. कारण घरात दोनच खोल्या होत्या, आणि आदित्यनं सांगून टाकलं होतं की दसऱ्यापर्यंत वेगळ्या खोलीचं काही जमलं नाही तर कानपूर रोडवरच्या नव्या इमारतीत भाड्यानं जायचं. तिथे लिफ्ट होती. बाल्कनीला जाळी होती. खाली मोटारींशिवाय काही नव्हतं.

तिनं जागा पाहिली होती आणि घरी येऊन प्रेमलाआईंना एकच वाक्य सांगितलं होतं, "आई, वहाँ कोणी कोणाशी बोलत नाही."

वळचण

प्रेमलानं आपली जुनी सुती साडी पिळून तिचा दोर केला. एक टोक सुनेच्या कमरेला बांधलं. "दुसरं वर गेल्यावर आढ्याला बांध. जुनी आहे, पण तुटायची नाही."

"आई, मी पडले तर?"

"तर साडी वाया गेली. जा."

मेघना शिडी चढली. वळचणीपाशी, जिथे छप्पर भिंतीबाहेर येतं, तिथे शिडी संपली आणि तिचं धैर्यही. पुढे नुसते उघडे वासे होते, आणि वाशांवर आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्या. काल रात्री याच वाशांखाली, माळ्यावर चटई टाकून, ती हट्टानं झोपली होती. कौलं नसलेल्या छपरातून तिनं पहिल्यांदा या घरातून चांदण्या पाहिल्या होत्या.

"खाली बघू नकोस," मागून आदित्य म्हणाला. तो शिडीवर होता, घामाघूम.

"मी वर बघतेय. तू पण बघ."

ती चारी हातापायांवर सरकत गेली. आढ्याला हात लागला. एक पाय पलीकडे टाकला.

आढं

आणि ती बसली.

आधी काही सुचेनाच. मग दिसलं ते असं. तिच्यासारखीच आणखी पाच माणसं पाच आढ्यांवर बसलेली होती, गल्लीच्या दोन्ही बाजूंना, जणू सगळी छपरं जत्रेला निघाली होती. लांब टेकडीवर किल्ला. मागे नाल्याची कच्ची वाट. खाली गल्लीत कौलांचे लाल ढीग, आणि ढिगापासून शिडीपर्यंत माणसांची साखळी. ढिगाशी खुर्चीवर सुबोधकाका. त्यांच्यापुढे नीरजा, मग जोत्यावर प्रेमला, स्टुलावर मंदार, शिडीवर आदित्य. आणि साखळीचं शेवटचं माणूस ती.

"हाथ चलाओ बहू," समोरच्या आढ्यावरून जयंतराव ओरडले. "जो शेवटी संपवेल त्याच्याकडे जिलबी. पित्र्यांकडे साखर आहे ना घरात?"

"तुमच्या घरून घेऊ, जयंतकाका," मेघना म्हणाली.

पहिलं कौल आलं. खालच्या रांगेपासून सुरुवात, खालच्या रांगा आदित्य वळचणीकडून लावत येणार, त्यांच्यावरच्या ती. कौलाच्या पाठीला एक खुटी असते, ती पट्टीत अडकवायची, शेजारच्या कौलाची कड त्याच्या खाचेत बसवायची, टक् आवाज आला की बसलं. तिला वाटलं होतं हे कठीण असेल. कठीण नव्हतं. हाताला ते अवघ्या चार कौलांत कळलं. कौल, टक्. कौल, टक्. ती सरकत होती आणि तिच्या डाव्या पायाखाली गल्लीकडचं पाखं लाल होत चाललं होतं. उजवा पाय परसावर लोंबत होता, उघड्या वाशांमध्ये.

"जयंतराव मागे पडले," आदित्य धापा टाकत म्हणाला.

"बोलू नको. दे."

कौल, टक्. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. आपण हसतोय हे तिला दात वाऱ्यानं कोरडे पडले तेव्हा कळलं. पुढचं पाखं पूर्ण झालं, दोन्ही घरांचं, सलग. ती मान वळवून मागच्या पाख्याकडे पाहणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धुरळा उठला.

सगळ्यात आधी तिला दिसलं, कारण तीच सगळ्यात उंच होती.

एक ट्रॅक्टर. मागे ट्रॉली. ट्रॉलीत स्लॅब ओतायचे लोखंडी पत्रे, बांबू, सळ्यांचे भारे. आणि पुढे मोटारसायकलवर, खांद्यावर गमछा, चेहऱ्यावर हसू, तिचे वडील.

ट्रॅक्टर कौलांच्या ढिगांपाशी येऊन थांबला. इंजिन मात्र चालूच राहिलं, कारण ते बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. धडधड इतकी की जवळच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागत होतं.

श्यामसुंदरजींचं चिरगाँवात सळ्या-सिमेंटचं दुकान. ते गाडीवरून उतरले, मंदारला हात केला, वर पाहिलं, आणि मुलगी छपरावर घोड्यावर बसल्यासारखी बसलेली पाहून गमछा तोंडाला लावला. "जो का हो रओ?", हे काय चाललंय, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर दिसलं.

मंदार स्टुलावर तसाच उभा होता, हातात कौल घेऊन. त्याचा चेहरा एकाच वेळी आनंदी आणि चोरटा होता. आणि मेघनाला सगळं समजलं. आपली बाजू आज राहू दे, उद्या बघू. उघडं छप्पर. दोन व्याही. उद्या सकाळी आढं मधोमध कापून मंदारच्या अर्ध्या घरावर स्लॅब पडणार होता.

तिच्यासाठी.

साखळी

खाली कोण काय म्हणालं ते नंतर प्रेमलानं तिला नकला करून दाखवलं, म्हणून ठाऊक.

सुबोधकाका, नीरजाला: "तिला विचार, छप्पर फोडायचंच होतं तर आढ्यावर बसली कशाला?"

नीरजा, प्रेमलाला: "काकू, बाबा विचारतायत, हे तिनंच ठरवलं ना? मला आधीच वाटलं होतं."

प्रेमला, मंदारला: "अहो, भाऊजी विचारतायत, तिला हे ठाऊक होतं का?"

मंदार, आदित्यला: "तिला विचार, आवडलं का."

आदित्य, मेघनाला: "बाबा विचारतायत, सरप्राइज कसं वाटलं?"

मेघना आढ्यावरून ओरडली, "मला पता नव्हतं. कुणाच्या डोक्यावरचं छप्पर कापून मला छत नको. काकांना असंच सांग."

आदित्य, मंदारला: "बाबा, चिडलीय."

मंदार, प्रेमलाला: "भरून आलंय तिला बहुतेक."

प्रेमलानं वर पाहिलं. सुनेचा चेहरा तिला चार वर्षांत पाठ झाला होता.

प्रेमला, नीरजाला: "तिला यातलं काही माहीत नाही. हे या दोन व्याह्यांचं कारस्थान आहे. तिला असं छत नकोय. जसंच्या तसं सांग, शब्द इकडचा तिकडे करू नकोस."

नीरजानंही वर पाहिलं. वरची बाई एका हातानं आढं धरून दुसऱ्यानं डोळे पुशीत होती. चौदा वर्षांची नीरजा त्या जागेसाठी रडली होती. ही त्या जागेवर बसून रडत होती.

नीरजा, सुबोधकाकांना: "बाबा, तिला माहीत नव्हतं. मी बघितलं तिच्याकडे. ती खोटं बोलत नाहीये."

सुबोधकाका उठले. गुडघ्यावर हात दाबत धाकट्या भावाकडे चालत गेले, आणि मंदारही स्टुलावरून उतरला. दोघं इंजिनाच्या धडधडीत एकमेकांवर ओरडू लागले. वरून मेघनाला फक्त हात दिसत होते. समोरच्या आढ्यावर जयंतरावांनी हातातलं कौल मांडीवर ठेवलं होतं. त्यांच्या शेजारच्या छपरावरचा माणूसही थांबला होता. त्या दोघांना किती वर्षांपासून स्लॅब हवा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पित्र्यांचं छप्पर तुटलं की आपलं तोडायला मोकळे. आज कौलं चढवायचीच कशाला मग?

तेवढ्यात ट्रॅक्टर आपोआप बंद पडला.

आणि त्या अचानक शांततेत मंदारचं ओरडणं अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"तुझी नीरजा लांब गेली, तुला सवय झाली, दादा. मला नाही व्हायची."

नीरजानं हातातलं कौल हळूच खाली ठेवलं.

"सवय झाली असं कोण म्हणालं तुला?" सुबोधकाका म्हणाले.

"मग मला अडवतोस का?"

"कारण आढं एक आहे, मंदार. तू कापलंस तर माझी बाजू वाशासकट खाली येईल. आणि माझी आली की समोरच्यांची, मग शेजारच्यांची, सगळे आपापल्या गच्चीवर जातील, आणि मग फाटकं लागतील. मग तुझी सून राहील इथे, पण ज्याच्यासाठी राहायचं ते राहणार नाही."

श्यामसुंदरजी मध्ये पडले. "भाईसाहब, गलती हमारी है। हम तो बिटिया के लाने..." आणि लेकीसाठी म्हणून त्यांनी वर बोट केलं.

पाखं

मेघनानं डावीकडे पाहिलं. तिनं लावलेलं पुढचं पाखं, लाल, सलग, या घरापासून त्या घरापर्यंत. गल्लीतल्या सगळ्यांना दिसतं ते हेच. मग उजवीकडे पाहिलं. मागचं पाखं. अजून उघडं. खाली माळा, तिची कालची चटई, त्याखाली मागची खोली, पलीकडे परस, सीताफळाचं झाड, नाल्याची वाट. गल्लीतून यातलं काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. ती काही या छपराची मालकीण नव्हती, तरी तिला आता छपराची दोन्ही तोंडं एकाच वेळी दिसत होती, आणि ती जागा आज खालच्या कुणालाच मिळालेली नव्हती.

"काका," ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"पुढचं पाखं मी झाकलंय. ते हलवायचं नाही. आढं पण नाही. पर मागचं उघडं राहू दे, फक्त आमच्या बाजूचं."

"उघडं ठेवून काय करणार? माकडं पाळणार?"

"मागच्या खोलीवर स्लॅब. सपाट. ती छत. आणि आढ्याच्या खाली भिंत उभी करायची, भिंतीत दार. दाराच्या अलीकडे माळा, ती आमची खोली. पलीकडे छत. गल्लीतून पाहिलं तर काही बदललेलं दिसणार नाही."

"भिंत कशावर उभी करशील? हवेत?"

"आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर. ती आढ्याच्या बरोबर खाली आहे. मला इथून दिसतेय."

सुबोधकाकांनी मान वर केली. कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका काढल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून चुका काढायला त्यांना नकाशाच मिळाला नव्हता.

"नऊ इंची आहे ती," ते म्हणाले, स्वतःशीच. "अण्णांनी उगाच नऊ इंची घेतली होती. सगळे हसले होते त्यांना."

"म्हणजे चालेल?" मंदारनं विचारलं.

"गप्प बस." काकांनी ढिगातून कौलाचा एक तुकडा उचलला, खुर्ची ओढली, आणि गल्लीच्या जमिनीवर रेघ मारली. मग दुसरी. "हे आढं. ही भिंत. मेघना, दार कुठे म्हणालीस?"

"मधोमध."

"मधोमध नको. पाणी आत येईल. कडेला घे. उंबरा चांगला वितभर हवा. आणि कौलांखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी, नाहीतर मे महिन्यात भाजून निघाल दोघं."

श्यामसुंदरजी खाली उकिडवे बसले. "इते बीम लगेगी, भाईसाहब?"

"बीम लागेलच. तुम्ही सळ्या केवढ्या आणल्यात?"

"जिना आतून घेऊ या," आदित्य शिडीवरून म्हणाला.

"आतून घेतलास तर रोज डोकं आपटेल. जिना परसातून."

नीरजाही वाकली. तिनं बोटानं एक रेघ पुसली आणि दुसरीकडे काढली. "बाबा, जिना इथे घेतला तर सीताफळ तोडावं लागणार नाही."

काकांनी रेघ पाहिली. "हं," एवढंच म्हणाले.

प्रेमला जोत्यावर उभी होती. तिनं वर मेघनाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "भाऊजी चुका काढायला लागले. झालं."

"मग आमचं काय, सुबोधराव?" जयंतरावांनी समोरून विचारलं. कौल अजून त्यांच्या मांडीवरच होतं.

सुबोधकाका उभे राहिले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. उघडी छपरं, थांबलेल्या साखळ्या, शिड्यांवरची माणसं, सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"पुढचं पाखं गल्लीचं," ते म्हणाले. "मागचं ज्याचं त्याचं. चला, कौलं लावा."

जयंतरावांनी क्षणभर विचार केला. मागे वळून आपल्या परसाकडे पाहिलं. मग त्यांच्या छपरावरून आवाज आला. टक्.

पायरी

त्यानंतरचं सगळं पळत झालं. ट्रॅक्टर काही सुरू होईना, तेव्हा अर्धी गल्ली ट्रॉलीला लागली आणि ढकलत ढकलत तिला नाल्याच्या वाटेनं मागे घेऊन गेली. श्यामसुंदरजी पुढे वाट दाखवत होते आणि मागे वळून वर ओरडत होते, "बिटिया, अब तो नैचें उतर आओ," आणि बिटिया ऐकत नव्हती. जयंतराव पुढे गेले होते. त्यांना गाठायचं होतं.

मागच्या पाख्याची सुबोधकाकांची बाजू झाकायची होती. कौल, टक्. कौल, टक्. ऊन चढलं होतं, तिच्या मानेवर मुंग्या धावत होत्या, तळहात लाल झाले होते. ती दोन घरांमधल्या भिंतीपर्यंत पोचली. इथे काकांचं घर संपत होतं आणि तिचं सुरू होत होतं. शेवटचं कौल लागलं आणि ती थांबली.

शिडीवरून आदित्यनं आणखी एक कौल पुढे केलं.

"झालं की," ती म्हणाली.

"खालून आलं."

तिनं ते हातात घेतलं. खाली पाहिलं. ढिगाशी खुर्चीवर सुबोधकाका बसले होते, हात मांडीवर, तोंड वर. ते वाट पाहत होते. तिला कळलं, हे कौल चुकून आलेलं नाही; तिची बाजू झाकायची की उघडी ठेवायची, हे काका तिलाच विचारत होते.

तिनं ते परत आदित्यच्या हातात दिलं.

आदित्यनं मंदारला. मंदारनं ते छातीशी धरलं, मग प्रेमलाला. प्रेमलानं नीरजाला. नीरजानं बापाच्या हातात ठेवलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि खुर्चीच्या पलीकडे, नव्या जागी, एकटं ठेवलं. मग ढिगातलं दुसरं कौल उचलून त्याच्याशेजारी ठेवलं. मग आणखी एक. मंदारच्या मागच्या पाख्याची कौलं वेगळी रचली जाऊ लागली.

ट्रॅक्टर आता गल्लीत नव्हता. गल्ली शांत होती, ओरडून सांगता आलं असतं. पण काकांनी नीरजाला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

नीरजा, प्रेमलाला: "बाबा विचारतायत, छतावर किती खाटा मावतील?"

प्रेमला, मंदारला: "भाऊजी विचारतायत, छतावर किती खाटा मावतील?"

मंदार, आदित्यला: "दादा विचारतोय, छतावर किती खाटा मावतील?"

आदित्य, मेघनाला: "काका विचारतायत, छतावर किती खाटा मावतील?"

मेघनानं उघड्या वाशांमधून खाली पाहिलं, जिथे छत होणार होतं तिथे. पन्नास वर्षं झाशीत राहून हा माणूस एकदाही गच्चीवर झोपला नव्हता.

"त्यांना सांग, पहिल्या दिवशी एकच टाकणार. त्यांची."

निरोप खाली गेला. आदित्य, मंदार, प्रेमला, नीरजा. कुणी काही वाढवलं नाही, कुणी काही गाळलं नाही. सुबोधकाकांनी ऐकलं, आणि गुडघ्यांवरून दोन्ही हात फिरवत जमिनीवरच्या रेघांकडे पाहिलं. मग तुकड्यानं जिन्याची एक रेघ पुसली आणि पुन्हा काढली.

मग निरोप वर आला.

"काका म्हणतायत," आदित्य म्हणाला, "पायऱ्या ठेंगण्या ठेवा."